करकरणारं चाक

जनावरं गाड्या हाकायची, त्या काळातली गोष्ट. बाजाराच्या वेशीवर एक पिंपळ होता. गाडी घेतलेलं गिऱ्हाईक जे बोलेल, तेच त्यावरचे पोपट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

एके सकाळी पोपट ओरडला, "अस्वलाच्या गाडीचं चाक करकरतं!"

केरू अस्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रत्येक गाडी त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती!

"पोपटाला पेरू चार," शेजारचा दुकानदार कोल्हा म्हणाला. "माझे बघ, सगळे एका सुरात 'झकास गाडी' म्हणतात."

"पेरूने पोपट गप्प बसेल, चाक नाही," असं म्हणून अस्वलाने वंगणाचं मडकं काखोटीला मारलं आणि थेट साळूबाईचं घर गाठलं. तक्रार तिचीच होती. त्याने चाक उतरवलं, वंगण भरलं, पुन्हा बसवून दहा वेळा फिरवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पोपट ओरडला, "चाक करकरत होतं! अस्वल घरी येऊन नीट करून गेलं!"

ते ऐकून गिऱ्हाइकं कोल्ह्याचं दुकान ओलांडून अस्वलाकडे वळू लागली.

"आता ती करकर तरी पोपटाला विसरायला लाव," कोल्हा धुसफुसला.

अस्वलाने छाती फुगवली. "मुळीच नाही. नुसती झकास गाडी तर तूही विकतोस."