ढवण बाईंची काऊ

आंबेखळीत इंग्रजी अजून यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते कोणी नक्की सांगत नाही, पण वडाच्या पारंब्या तेव्हा जमिनीला टेकल्या नव्हत्या, असं म्हणतात.

गावात एक शाळा, शाळेला एक खोली आणि खोलीत एक ढवण बाई. पहिलीत सात पोरं. एक दिवस तालुक्याहून तपासणीचे साहेब आले आणि म्हणाले, "बाई, आता पहिलीपासून इंग्रजी. पंधरा दिवसांनी येतो. पोरांना दहा शब्द अर्थासकट आले नाहीत तर ही शाळा बंद. पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत जातील."

ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात त्या पाण्यात म्हशीसुद्धा उतरायच्या नाहीत. म्हणजे शाळा गेली की पोरं चार महिने घरीच, हे बाईंना कळलं. मग त्यांनी टाचण काढायला घेतलं. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय करायचं, ते आजच वहीत लिहून ठेवायचं.

पहिला शब्द होता काऊ. बाईंनी फळ्यावर गाय काढली. चित्रकलेत बाईंचा हात कच्चा, गाईला जराशी चोच आली. बाई म्हणाल्या, "ही काऊ." सातही पोरांनी वर कौलांकडे पाहिलं. तिथे कावळा बसला होता.

"बाई, काऊ तो," फुला म्हणाली. फुला पहिलीतली सगळ्यात हट्टी पोरगी. "आई मला रोज एक घास काऊच्या नावाने भरवते. तो गाईचा असता तर केवढा मोठा करावा लागला असता."

बाईंनी दुसरं टाचण काढलं, त्यात गाणं होतं. गाण्याला कावळ्यानेच साथ दिली. तिसऱ्या टाचणात मातीची गाय केली, तिची शिंगं पडली आणि पोरं तिला उंदीर म्हणायला लागली. चौथ्यात बाई स्वतः घोंगडी पांघरून चार पायांवर हंबरल्या. पोरं फार खूश झाली. काऊ म्हणजे बाई, असं त्या दिवशी ठरलं.

चार दिवस उरले. पाचव्या टाचणात बाईंनी लिहिलं, 'साहित्य: गाय, खरी, एक.'

फुलाच्या घरची कपिली वर्गात आली. बाई खडू घ्यायला वळल्या, तेवढ्यात कपिलीने टाचणवही खाल्ली. पाचही पाठ, पुठ्ठ्यासकट.

"रडू नका बाई," फुला म्हणाली. "रवंथ करू दे तिला. नीट चावलं की अंगी लागतं."

कपिलीने दोन दिवस रवंथ केला. तिसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या आणि सहज म्हणाल्या, "काऊ, कम हिअर." कपिलीने कान हलवला. जागची हलली नाही. बाई म्हणाल्या, "प्लीज." कपिली उठली, बाईंसमोर येऊन उभी राहिली. प्रत्येक टाचणाच्या शेवटी 'प्लीज म्हणायला शिकवणे' असं लिहिलेलं होतं. गावात इंग्रजी सगळ्यात आधी कपिलीला आली, असं म्हणतात.

फुलाने एकदा कौलांकडे, एकदा कपिलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओ देतेय म्हणजे नाव तिचंच असणार." झालं. उरलेले नऊ शब्द पोरं एका दुपारात कपिलीकडून शिकली.

साहेब आले. "टाचण दाखवा."

"टाचण काऊच्या पोटात आहे साहेब," बाई म्हणाल्या.

"कावळ्याच्या?"

पोरं हसली. फुला म्हणाली, "कावळा म्हणजे क्रो, साहेब. काऊ म्हणजे गाय. माझंही आधी चुकायचं."

साहेब घाईने उठले, तर दारात कपिली उभी. ते कपिलीला म्हणाले, "गो." कपिली बघत राहिली. साहेब परत म्हणाले, "गो, गो." फुला त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "प्लीज राहिलं, साहेब." साहेब म्हणाले, "प्लीज." कपिली निघून गेली. साहेबांनी शेरा लिहिला: 'पहिलीचा पट सात. इंग्रजी येणारे आठ. शाळा चालू ठेवावी.'

पुढे बाई खूप म्हाताऱ्या होऊन गेल्या. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा फांदीवर आला, पण खाली उतरेना. लोकांनी हात जोडले, "बाई, शाळा बंद पडू देणार नाही." कावळा ढिम्म. मग सगळे ओरडले, "काव, काव." तशी गावातली सगळी गुरं धावत आली आणि कपिलीच्या नातीने पिंड खाऊन टाकला.

दुसरा पिंड ठेवला. तेव्हा गर्दीतून फुला पुढे आली. तिचेही केस पिकले होते. "अरे, हाक कोणाला मारताय?" ती म्हणाली आणि फांदीकडे वळली. "क्रो, कम हिअर."

कावळ्याने मान तिरकी केली.

"प्लीज," फुला म्हणाली. कावळा उतरला आणि शितं न सांडता सगळा पिंड खाल्ला, असं म्हणतात.

तेव्हापासून आंबेखळीत दहाव्याला कावळ्याला इंग्रजीतच बोलावतात. हाक मारायचा मान पहिलीतल्या पोरांचा. बाहेरगावचा पाहुणा 'काव काव' करायला लागला, की दोघं जण आधी गुरं धरतात. आणि एखादं पोर घाईत प्लीज विसरलं, तर कावळा फांदीवर तसाच बसून राहतो, मान तिरकी करून. वर्गात बाई प्लीजची वाट बघायच्या, तशी.