दीपमाळेवरचा रेडिओ

"वायर बदलली, तरी नेट तुटतंच कसं?" शलाकानं विचारलं.

"वायरीवर ढकलून..." अच्युतबुवांनी सुरुवात केली.

"ढकलत नाहीये, मी फक्त..."

"...मोकळं होता येत नाही. पुन्हा तपास."

शलाका ओठ आवळून गप्प बसली. बुवा बोलत असताना शिष्यानं बोलायचं नाही, हा मठाचा नियम. नियम अर्थात बुवांनीच केलेला.

दरीपलीकडच्या कोंडवाडीला इंटरनेट जायचं ते डोंगरावरच्या या मठातून. कोठीच्या खोलीत स्विच, म्हणजे नेटच्या वायरी एकमेकींना जोडणारी पेटी. तिथून निघालेली वायर दीपमाळेच्या टोकापर्यंत गेलेली, आणि टोकावर वाडीकडे तोंड करून बसलेला, नेट हवेतून पलीकडे पोचवणारा पांढरा रेडिओ. बुवा संन्यास घेण्याआधी टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. रेडिओ त्यांनीच चढवला होता. शलाका पदवी घेऊन त्यांच्याकडे शिकायला आली. जुना स्विच जळाला तेव्हा नवा तिनं बसवला, आणि तेव्हापासूनच ही कटकट सुरू झाली.

आज दुपारी डॉक्टरबाई पडद्यावरून वाडीतल्या द्वारकेला तपासणार होत्या. द्वारकेचे दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. घाट उतरणं तिला शक्य नव्हतं. मागच्या खेपेला डॉक्टरबाईंचा चेहरा बोलता बोलता थिजला होता, आणि द्वारका त्या थिजलेल्या चेहऱ्यालाच विचारत राहिली होती, "बाळाचं काय म्हणालात, बाई?"

तो आवाज शलाकाच्या कानातून जात नव्हता.

"दिवा हिरवाच आहे," ती म्हणाली. "बारीकसारीक काही पाठवलं की जातं. चित्र सुरू झालं की..."

"वर पाणी शिरलं असेल."

"नाही शिरलं. मी स्वतः चढून..."

"अर्थिंग?"

"पाहिलं! बुवा, माझं वाक्य तरी पुरं होऊ द्या. स्विच सांगतोय, वायरीवर निरोपांची टक्कर होतेय."

"एक वायर. दोन टोकांना दोघंच. टक्कर होईलच कशी?"

शलाकानं तोंड उघडलं. त्याच क्षणी बुवाही पुढं बोलू लागले. या वेळी ती थांबली नाही. बुवांनी आवाज चढवला, तिनंही चढवला. दीपमाळेवरची कबुतरं भर्रकन उडाली. कोण काय म्हणालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग दोघंही गप्प...

"अशी," शलाका म्हणाली.

तिनं दीपमाळेच्या टोकाकडे बोट केलं.

"रेडिओचा वेग कुणी ठरवला, बुवा?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"जुन्या स्विचला धड विचारता येत नव्हतं. म्हणून दोन्ही टोकं मीच बांधून दिली. वेग शंभर, दोघांनी एकदम बोलायचं, एकदम ऐकायचं. तेव्हा ते बरोबरच होतं."

"तेव्हा होतं. नवा स्विच विचारतो. जोडल्या जोडल्या विचारतो, तुझा वेग किती, एकदम बोलायचं की आळीपाळीनं? तुमचा रेडिओ उत्तरच देत नाही. मग तो बापडा धरून चालतो, की समोरचा बोलत असेल तेव्हा आपण थांबायचं."

"आणि रेडिओ?"

"रेडिओ कुणासाठी थांबत नाही."

"मग स्विचलाही बांधून टाक," बुवा म्हणाले. "दोघंही ठाम. चालेल."

"चालेल की. पुढचा स्विच जळेपर्यंत."

बुवांनी दाढीवरून हात फिरवला. रेडिओचा पासवर्ड त्यांनी आजवर कुणालाही दिला नव्हता. शलाकानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाट पाहिली.

"गप्पबस," बुवा म्हणाले.

"अहो, मी कुठं काय बोलले?"

"पासवर्ड आहे तो."

शलाकाला हसू आवरेना. बुवाही कानापर्यंत लाल होऊन हसले.

तिनं रेडिओला सांगितलं, यापुढे विचारून ठरव. वायरीचा दिवा विझला... आणि लागला.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्या विचारत होत्या, द्वारका मध्येच सांगत होती, दोघी एकदम हसत होत्या, आणि चित्र एकदाही अडखळलं नाही. सूज उतरते आहे, बाळ मजेत आहे, एवढं ऐकून द्वारकेनं पडद्यालाच हात जोडले.

सांजवात झाली. शलाका नेहमीसारखी ओट्याखाली चटईवर बसली. या वेळी बुवांनी बोलायचं आणि तिनं ऐकायचं, असा शिरस्ता होता.

बुवा बोलेनात. दीपमाळेवर कबुतरं परतली होती.

"सुरू करा ना, बुवा."

बुवा ओट्यावरून उतरले. तिच्या समोर, चटईच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"आधी सांग," ते म्हणाले, "तुझा वेग किती?"