दोघांपुरती होडी

फार वर्षांमागे एका कमळांच्या तळ्याकाठी एक म्हातारा उंदीर आणि त्याची उंदरीण राहत होती. एकदा उंदरीण म्हणाली, "अहो, एखादी होडी बघा ना. लांब कुठे जायचं नाही. कमळांमधून नुसतं निवांत हिंडून येऊ."

काठावरच्या सुपारीच्या झाडाने ते ऐकलं. "माझ्या फुलोऱ्यावरची ही गळून पडलेली पोय घेऊन जा," ते म्हणालं. "होडीसारखीच आहे आणि हलकी आहे. तुम्ही दोघं सहज पाण्यात न्याल."

"छे! वारा सुटला तर? माझी बायको बसणार आहे तिच्यात," उंदीर म्हणाला आणि सागाचा एक ओंडका कुरतडायला बसला.

ओंडका कठीण होता. पावसाळा गेला, थंडीही सरत आली. उंदरीण जवळ येऊन म्हणायची, "पुरे आता. जरा माझ्याशी बोला." तो मान वर न करता म्हणायचा, "थोडंच राहिलंय गं."

शेवटी होडी झाली. दोघांनी जोर लावला, पण ती जागची हलेना. उंदरीण धापा टाकत खाली बसली.

"उद्या सशांना बोलावतो," उंदीर म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

सकाळी सशांनी होडी पाण्यात लोटली. उंदीर तिला हाक मारायला बिळात गेला. उंदरीण झोपेतच गेली होती.

तिला माती दिल्यावर संध्याकाळी तो होडीत जाऊन बसला. होडी भक्कम होती, जराही कलली नाही. शेजारची जागा त्याने तिच्या मापाने कोरली होती. तिथे हात ठेवून तो बसून राहिला. वल्हं मारून जायचं कुठे, तेच त्याला कळेना.