शंखाचा भाव

त्या किनाऱ्यावर वाढणे महाग झाले होते.

तिथे शंखात राहणाऱ्या खेकड्यांची वस्ती होती. या जातीच्या खेकड्याचे पुढचे अंग टणक असते, पण पोट लोण्यासारखे मऊ, आणि त्यावर स्वतःचे कवच नसते. म्हणून समुद्राने टाकलेला एखादा रिकामा शंख पाहायचा, त्यात पोट घालायचे आणि ते घर पाठीवर घेऊन हिंडायचे. अंग वाढले की शंख आखूड पडतो, मग त्याहून मोठा पाहावा लागतो. यात हौसेचा भाग नाही. पक्षी येतो तेव्हा ज्याला पुरते आत जाता येत नाही, तो बाहेर ओढला जातो.

पूर्वी या घरबदलीला काही पडत नसे. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला सगळे काळ्या खडकापाशी जमत आणि थोरापासून धाकट्यापर्यंत रांग लावत. पहिल्याने नवा शंख घेतला की त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. बघता बघता अख्ख्या रांगेचे बिऱ्हाड हललेले असे. शेवटी उरलेला इवलासा शंख कुणीतरी लाटेत ढकलून देई.

मग खाडीकाठच्या खाजणातून चिंबोरा आला. चिंबोरा म्हणजे चिखलातला मोठा खेकडा. त्याला शंख लागत नाही, त्याच्या पाठीवर जन्माचीच ढाल असते. पण जी वस्तू आपल्याला नको आणि दुसऱ्याचे जिच्यावाचून अडते, तिच्यात बरकत असते, हे त्याला कुणी न शिकवता उमगले होते. लाटेने शंख टाकला की हा उचलून बिळात नेऊन रचायचा. दोन पावसाळ्यांत किनारा लख्ख झाला. लोकांना आधी ते बरे वाटले. "चला, पायात तरी येत नाहीत आता," असे म्हणणारेही निघाले.

अडल्यावर लोक बिळाशी गेले. चिंबोऱ्याने भाव सांगितला, एका शंखाला एक पाय.

"घाबरता कशाला? कात टाकली की नवा फुटतो," तो म्हणाला.

खोटे नव्हते ते. खेकड्याचा तुटलेला पाय कात टाकताना परत येतोच. फक्त कात टाकायची तर पोटभर खावे लागते, पाय कमी असला तर खायला कमी मिळते, आणि एवढे करून कात टाकलीच तर अंग वाढते, अंग वाढले की पुन्हा शंख लागतो. हे सगळे तो सांगत बसला नाही. गिऱ्हाइकाने विचारले नाही ते दुकानदार कशाला सांगेल?

माणूस मात्र गोड होता, म्हणजे खेकडा. घरची खुशाली विचारल्याशिवाय त्याने कधी भाव सांगितला नाही. वाढीव भाव सांगताना तर तो जास्तच आस्थेने चौकशी करी, त्यामुळे त्याने मुलाबाळांची नावे घेऊन विचारले की लोक आपले उरलेले पाय मोजू लागत.

भाव कसा ठरतो, याबद्दल किनाऱ्यावर पुष्कळ तर्क चालत. कुणी म्हणे वाऱ्यावर, कुणी म्हणे भरतीवर. खरी गोष्ट साधी होती. चिंबोरा सकाळी खडकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघे. चार पायांवर चालणारे तीन पायांवरही चालू लागले, जरा लंगडत, पण चालले, की त्या दिवशी भाव एका पायाने चढे.

काहींनी वाटा काढून पाहिल्या. केरबा नावाच्या एका खेकड्याने नारळाची करवंटी पाठीवर घेतली आणि आठ दिवस सगळ्यांना हिणवत फिरला. "बंगला आहे बंगला! तुमच्या शेठला सांगा बघून जायला." नवव्या दिवशी भरती आली. करवंटी तरंगते, हे केरबाच्या ध्यानात आले नव्हते. बंगल्यासकट तो समुद्रात गेला, आणि बराच वेळ लोकांना तो नांगी हलवताना दिसत होता. तो मदत मागतो आहे की निरोप घेतो आहे, यावर पुढे दोन दिवस वाद झाला.

या वस्तीत हौशी नावाची एक बाई राहत असे. तिचा नवरा आखूड शंखातच दिवस काढत होता, त्याला एका दुपारी बगळ्याने नेले. मागे एकच मुलगी, पवळी. स्वतःच्या आणि पवळीच्या शंखापायी हौशीने चारातले दोन पाय दिले होते. आता दोन पाय, एक मोठी नांगी आणि एक लहान नांगी एवढ्यावर ती संसार करत होती, आणि असा करत होती की चार गावच्या बायका पाहायला येत.

तिची रीत अशी. दिवसाला दोन ओहोट्या, पण चरायचे एकाच ओहोटीला. आधी आपल्याच शंखावरचे शेवाळ खरवडून खायचे, मग दगडावरचे. शंखाला भोक पडले तर कालवाची खपली बसवायची. तिच्या शंखावर एक समुद्रफूल राखणीला होते. ते डंख मारून मासे हाकलायचे आणि बदल्यात उष्टे खायचे. पण घरात उष्टे उरेनासे झाले, तेव्हा तिने त्याला हात जोडून निरोप दिला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मुलीला तिने बेताने खायला शिकवले होते.

"कमी खाल्लं की अंग धरत नाही," ती बायकांना सांगे, "आणि अंग धरलं नाही की शंख पुरतो. भूक लागली तर थंड दगडाला पोट लावून पडायचं. जाते थोड्या वेळानं."

"आणि नाही गेली तर?" शेजारच्या तानूआक्काने एकदा विचारले.

"तर दगड बदलायचा."

बायका हसल्या. हौशीही हसली. चिंबोऱ्याच्याही कानावर हे गेले, आणि तेव्हापासून बिळाशी कुणी कुरकूर केली की तो म्हणे, "त्या हौशीवहिनींकडे बघा. त्यांची कधी तक्रार ऐकलीत?" त्या मोसमात किनाऱ्यावरच्या सगळ्या पोरी दगडाला पोट लावून पडू लागल्या, आणि भाव दोनदा चढला.

पण पवळी वाढली. अर्धपोटी राहूनही वाढली. वयाला कोण काय करणार? आधी तिच्या नांगीचे टोक बाहेर राहू लागले, मग अख्खी नांगी, मग डोळ्यांपर्यंतचे तोंड. आईला कळू नये म्हणून ती आत अंग चोरून बसे आणि श्वास धरून बोले. अमावास्येला आठ दिवस राहिले होते. त्या ओहोटीला पाणी पार लांब जाते, वाळू उघडी पडते आणि बगळ्यांचे थवे उतरतात. उघडे तोंड घेऊन पवळी त्या दुपारी जगणार नव्हती. हौशीला हे न सांगता कळले, कारण नवऱ्याच्या बाबतीत तिने हेच पाहिले होते.

ती बिळाशी गेली.

"या वहिनी. पवळी कशी आहे?" चिंबोऱ्याने विचारले, आणि हौशी समजली.

"सांगा काय पडेल ते."

"तिच्या मापाचा एक आहे. आतून अगदी गुळगुळीत, बघा. दोन्ही नांग्या आणि चार पाय."

"शेठ, माझ्याकडे दोनच पाय आहेत."

"ते दिसतंच आहे मला. म्हणून तर वाईट वाटतं सांगायला."

"मागच्या वेळी दोन पायांत दोन शंख दिले होतेत."

"मागच्या वेळी तुम्ही चार पायांवर आला होतात." तो जरा पुढे सरकला. "एक काम करा. कमी पडताहेत ते दोन पोरीचे घाला. तरणी आहे, फुटतील लवकर."

हौशीने मोठी नांगी उचलली. "पोरीच्या पायाचं नाव काढू नका. माझं काय ते बोला."

"बरं बाई, राहिलं. रागावता कशाला? भाव मी करत नाही. जो चालेल तो भाव." आणि त्याने तो शंख परत राशीवर ठेवला.

वाटेत तानूआक्का भेटली. "काय म्हणाला मेला?"

"मागतोय ते आपल्याकडे नाही."

"मग गं?"

"मग आहे त्यातच बसवायचं. दुसरं काय करतो आपण?"

पुढच्या सात दिवसांत हौशी चरायला एकदाही गेली नाही. आठव्या दिवशी सकाळी, पाणी मागे हटू लागले तेव्हा, तिने पवळीला खडकाच्या आडोशाला बोलावले आणि आपल्या शंखातून बाहेर आली. पवळीने आईचे पोट प्रथमच उघड्यावर पाहिले. ते सुकून दोरीएवढे झाले होते.

"ये, यात बस," हौशी म्हणाली.

"आये, हा तुझा आहे. आणि केवढा मोठा."

"मोठा कसला? माझ्याभोवती अर्धा रिकामाच फिरवतेय मी. जागा वाया जाते."

"आणि तू?"

"मी तुझ्यात."

"तू कशी मावशील? मीच मावत नाही!"

"पोट मावतं गं. पोटाची अडचण नाहीच. अडचण या पसाऱ्याची आहे." तिने मोठ्या नांगीकडे आणि दोन पायांकडे पाहिले, घरातले जुने सामान बघावे तसे.

पवळीला उशिराने अर्थ लागला. "नको. आये, नको ना. मी श्वास धरून बसेन दिवसभर. बसते मी, बघ तू."

"तुझा बापही हेच म्हणाला होता. चल, पाणी गेलं बघ."

आणि तिने नांगी खडकाच्या फटीत अडकवून मान फिरवली. खेकड्याच्या अंगात सोय असते. जोर लावला की सांधा सुटतो. तीनदा आवाज झाला. शेवटच्या वेळी ती हलकेच म्हणाली, "बास, झालं," आणि ते पवळीला म्हणाली की पायाला, हे सांगता येत नाही. मग लहान नांगीने वाळू ओढत ती सरकली आणि लेकीने सोडलेल्या शंखात शिरली. पुरती शिरली. तोंडाशी काहीही बाहेर राहिले नाही.

दुपारी बगळे उतरले. त्या अमावास्येला त्यांनी किनाऱ्यावरून पुष्कळ जणांना नेले. आखूड शंखांत कसेबसे बसलेले सगळे गेले. पवळीच्या शंखावर दोनदा चोच वाजली आणि पुढे गेली. शेजारच्या लहान शंखावरही एक बगळा थबकला, आत डोकावला, आणि त्यात खाण्याजोगे काही दिसेना म्हणून निघून गेला.

संध्याकाळी भरती लागली तशा बायका जमल्या. पवळी धडधाकट बाहेर आली होती आणि एका बाजूला नुसती उभी होती. तानूआक्काने वाळूवरचे तुकडे पाहिले आणि तोंड फिरवले. बाकीच्यांत मात्र कुजबूज सुरू झाली.

"शेठचा भाव सहाचा होता ना?"

"हो. हिनं तिनात भागवलं."

"आणि शंख घरातल्या घरात!"

"बाई, हिच्याकडून शिकावं."

दोघीतिघी तर आपापल्या नांग्यांकडे निरखून पाहू लागल्या. तेवढ्यात चिंबोरा आला. त्याने हौशीचे दोन पाय आणि नांगी वाळूतून उचलली, झटकली आणि काखोटीला मारली. "वाया कशाला घालवायचं?" तो म्हणाला.

तानूआक्का लहान शंखाशी वाकली. "हौशे, ए हौशे. जागा पुरते का गं?"

अगदी तळातून आवाज आला, बारीक, पण नेहमीच्याच समाधानाचा. "पुरते की. उरतेय थोडी."

बायका हळहळल्या, कौतुकाने एकमेकींकडे पाहू लागल्या. चिंबोरा जायला वळला होता तो थांबला. परत आला, शंखापाशी टेकला, आणि नांगीचे बारीक टोक त्याच्या तोंडातून अलगद आत घालून, किती उरते आहे ते मोजू लागला.