जेवणाऱ्यासमोर कोण बसतं?

डोंगरातल्या पाड्यावर केरळच्या लिसीबाई बिनपगारी इंग्रजी शिकवायला आल्या. मराठी येत नसल्यामुळे त्या रोज शाळेच्या खोलीत भिंतीकडे बघत एकट्याच जेवायच्या.

एकदा तपासणीला साहेब आले. मुलांमागे बसून इंग्रजी घोकणाऱ्या पाड्यावरच्या रामकलीला पाहून ते हसले, "काय गं म्हातारे, या रानात इंग्रजी कुणाशी बोलणार?"

"बाईंशी. आमच्यात पाहुणा जेवताना कुणीतरी समोर बसून बोलतं. बाईंना आमची भाषा येईना, म्हणून त्यांना येते ती आम्ही शिकतोय. साहेब, तुम्ही जेवता तेव्हा समोर कोण बसतं?"

साहेब बदलीच्या गावी एकटेच राहायचे.

दुपारी त्यांनी डबा उघडला, तशी रामकली समोर येऊन बसली.