खवले मांजर आणि गांधीलमाश्यांचा द्रोण

एका डोंगराच्या कुशीत एक तळे होते आणि तळ्याकाठच्या रानात एक खवले मांजर आपल्या पिल्लासह राहत असे. अंगभर टणक खवले, लांब जड शेपूट आणि स्वभाव मात्र असा, की जरा कुठे खुट्ट झाले की अंगाचे मुटकुळे करून पडून राहायचे. वाघ आला तरी मुटकुळे, वाळकी फांदी पडली तरी मुटकुळे. त्याने जीव वाचे हे खरे. पण मुलांनो, जीव वाचवण्यापलीकडेही जगात पुष्कळ कामे असतात आणि ती पडून राहिल्याने होत नाहीत.

त्या रानात दर उन्हाळ्याच्या शेवटी गाड्यांची शर्यत भरे. ओंडक्याच्या चकत्यांची चार चाके, बसायला फळी आणि पायांनी मारायची पायडले, असा एकेकाचा गाडा. तळ्याला तीन फेऱ्या घालायच्या. जो जिंकेल त्याला पावसाळ्यापुरती डोंगरावरची कोरडी कपार राहायला मिळे.

पण नुसत्या वेगावर तिथे भागत नसे. वाटेत एक वड होता. त्याच्या फांदीवर म्हातारी वानरीण पानांचे द्रोण घेऊन बसे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाड्यात एक द्रोण टाकी. सर्वांत पुढच्याला केळीची साल मिळे, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली टाकायला. मधल्याला मिळे कवठ, पुढच्या गाड्यावर गडगडत सोडायला. आणि सर्वांत मागच्याला एक तर मधाचा द्रोण मिळे, जो चाटताच पायांत दहा जणांचे बळ येई. नाहीतर पानाने झाकलेला गांधीलमाश्यांचा द्रोण. तो उघडला की माश्या मध्ये कुणालाही न शिवता थेट सर्वांत पुढच्या गाड्यावर तुटून पडत.

वडानंतर बांबूचे बेट लागे. त्यातून एक चोरवाट होती, पण चिखलाची. मधाच्या जोराशिवाय तिच्यात शिरलेला गाडा रुतलाच म्हणून समजा. बेटाच्या पुढे लाल मातीचे घसरडे वळण होते, आणि वळण संपले की शर्यतीची शेवटची रेघ. त्या वळणावर खवले मांजराचा हात धरणारे कुणी नव्हते. ते आपली जड शेपूट बाहेरच्या बाजूला झोकून देई, मागची चाके सर्रकन घसरवी आणि गाडा सरळ होताच असा सुटे की चाकांखालून ठिणग्या उडत.

आदल्या वर्षी याच जोरावर ते दोन फेऱ्या पुढे राहिले होते. तिसऱ्या फेरीत मागून गांधीलमाश्या आल्या. खवल्यांमुळे डंख फारसे लागले नाहीत, पण सवयीने त्याचे मुटकुळे झाले, आणि ते उलगडले तेव्हा शर्यत संपून प्रेक्षकही घरी निघाले होते. त्या पावसाळ्यात बिळात पाणी शिरले. पिल्लाला शेपटीवर घेऊन ते दोन दिवस एका खडकावर भिजत बसले. पिल्लाला खोकला लागला तो थंडी सरेपर्यंत हटला नाही.

खोकला थांबल्यावर ते वानरिणीकडे गेले. म्हणाले, "आजी, तुमचा हा नियम कसला? मेहनत करून पुढे जावं, तर पुढे गेल्याचीच शिक्षा?"

वानरीण द्रोणाला काडी टोचत होती. ती म्हणाली, "तू अर्धाच नियम पाहिलास बाळा. उरलेला अर्धा रस्त्यावर दिसतो, मुटकुळ्यात नाही."

खवले मांजराला ते बोलणे झोंबले. पण घरी आल्यावर त्याला वाटले, माश्या अडवणे आपल्या हातात नाही. उलगडणे मात्र आपल्याच हातात आहे. तळ्याकाठी एक टिटवी राहत होती. तिला त्याने विचारले, "माझ्या पाठीवर रोज वरून खडे टाकशील का? केव्हा टाकणार ते सांगायचं नाही."

"असलं काम मला कुणी सांगितलं नव्हतं," टिटवी म्हणाली. "पण टाकीन. आणि उलगडायला किती वेळ घेतोस तेही मोजीन."

पहिल्या दिवशी टिटवीचे आकडे तीनशेच्या पुढे गेले. आतून खवले मांजराला सगळे ऐकू येत होते. पाठ सांगत होती की आता काही नाही, आणि मन सांगत होते की अजून थोडे थांब. महिन्याने आकडा शंभरावर आला. मग चैत्रात एकदा पुन्हा दोनशेवर गेला, कारण त्या दिवशी खडा मोठा होता. टिटवी म्हणाली, "आज राहू दे. घाबरला आहेस."

"म्हणूनच आज राहू द्यायचं नाही," खवले मांजर म्हणाले. "अजून एक टाक."

शर्यतीच्या सकाळी रेघेवर तीन गाडे उभे राहिले. खवले मांजर, चपळ ससा आणि कोल्हा. कोल्ह्याचा हिशेब नेहमीचा होता : आधी मुद्दाम मागे राहायचे, चांगले चांगले द्रोण गोळा करायचे आणि शेवटी डाव साधायचा. तसेच झाले. पहिल्या फेरीत वडाखाली त्याला मध मिळाला, तो त्याने फळीखाली बांधून ठेवला. दुसऱ्या फेरीत मिळाल्या गांधीलमाश्या.

तिसरी फेरी सुरू होताच, वड यायच्या आत, कोल्ह्याने झाकण काढले. घोंघावत माश्या सशाच्या डोक्यावरून गेल्या आणि खवले मांजरावर तुटून पडल्या. गाडा फिरला, आडवा झाला, आणि खवले मांजराचे मुटकुळे झाले. शेजारून सशाचा गाडा गेला. मग कोल्ह्याचा गेला. चाकांचा आवाज दूर दूर जाऊ लागला.

मुटकुळ्यात अंधार होता, ऊब होती. थोडे थांब, मन म्हणाले. खवले मांजराने ते ऐकले, आणि तरीही नाक बाहेर काढले. मग पाय. वरून टिटवी ओरडली, "अकरा." ते गाडा सरळ करून फळीवर चढले, तेव्हाही दोन माश्या त्याच्या कानाशी होत्या.

पुढे ससा वडाखाली पहिला पोचला, त्याला साल मिळाली. कोल्ह्याला कवठ मिळाले. ते त्याने लगेच सोडले आणि सशाचा गाडा काठावरच्या झुडपात जाऊन अडकला. कोल्ह्याने मध चाटला आणि चोरवाटेत घुसला. आता आपल्याला कोण गाठतो, म्हणून तो बांबूच्या बेटातून बाहेर पडताच आरामात पायडले मारू लागला.

खवले मांजर वडाखाली आले ते सर्वांत मागून. वरून द्रोण पडला. त्याने उघडला, तर मध. आजवर त्याला साल सोडून दुसरे काही मिळालेच नव्हते. मागे पडल्यावर ते कधी वडापर्यंत आलेच नव्हते. त्याने मान वर केली. वानरीण पुढचा द्रोण टोचण्यात गढली होती.

मधाच्या जोरावर गाडा चिखल उडवत चोरवाटेतून पार झाला. समोर लाल वळण, आणि वळणावर चाके जपत सावकाश वळणारा कोल्हा. खवले मांजराने शेपूट बाहेर झोकली. मागची चाके घसरली, गाडा कोल्ह्याच्या बाहेरून वळला आणि ठिणग्या उडवत सरळ सुटला. रेघ ओलांडताना दोघांत फार तर हातभर अंतर होते, पण पुढे खवले मांजर होते.

कोल्हा हरला तरी खुनशी नव्हता. धापा टाकत त्याने विचारले, "खरं सांग. माश्या आल्या तेव्हा तुला राग नाही आला?"

"आला," खवले मांजर म्हणाले. "भीतीही वाटली. दोन्ही गाड्यात घेऊनच निघालो. उतरायची वाट पाहिली असती तर तू घरी पोचला असतास."

त्याच संध्याकाळी ते पिल्लाला शेपटीवर बसवून डोंगर चढले. कपारीची जमीन कोरडी ठणठणीत होती. पिल्लू खाली उतरले, कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसून मुंग्या हुंगू लागले, आणि एका कोपऱ्यात त्याला सापडल्याही.

तात्पर्य : तडाखा पुढे गेलेल्यालाही चुकत नाही, पण मागे पडलेल्यासाठीही वाटेत काहीतरी राखून ठेवलेले असते, आणि ते उठून चालू लागणाऱ्यालाच मिळते.