अर्धा हत्ती आणि नव्वद मोहरा

एका राज्यात एक चितारआळी होती, आणि आळीच्या टोकाला सिदोजी चिताऱ्याचं घर होतं. सिदोजीने भिंतीवर पोपट काढला तर तो सकाळी डाळ मागे. वेल काढला तर त्याला पाणी घालावं लागे. असा चितारी त्या राज्यात दुसरा नव्हता. घरात सत्तावीस शाली होत्या आणि तांदूळ दोन शेर.

त्या घरात गोजरा लग्न होऊन आली. मुलगी कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्याला पुष्कळ दिसतं.

पहिल्या दिवशी तिला दिसलं की सासरे भिंतीवर आहेत. माजघरात कोळशाच्या रेघांनी काढलेले तीन पुरुष ओळीने उभे होते, अंगात रंग नाही. सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार कर. हे तुझे मामंजी, हे आजेसासरे, हे त्यांचे वडील." गोजराने पदर सावरून नमस्कार केला. मामंजींनी भिंतीतून हात वर करून आशीर्वाद दिला. आवाज चुन्यासारखा कोरडा होता, एवढंच. मामंजींच्या शेजारी आणखी एका माणसापुरती जागा मोकळी होती, आणि तिथला चुना कायम ओला असे.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला विचारलं, "माझं लुगडं कसं आहे?"

"राखाडी आहे. छान आहे."

लुगडं हिरवंगार होतं.

"तुम्हाला रंग किती दिसतात?"

"दोन राहिलेत. पिवळा आणि लाल." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुझी हळद दिसते, कुंकू दिसतं. मधली तू अंदाजाने."

तिसऱ्या दिवशी रंग कसे जातात तेही तिने पाहिलं. नगरशेठजींचा माणूस ठरलेलं चित्र न्यायला आला. त्याने विचारलं, "मोल काय झालं?" सिदोजीने तोंड उघडलं, आणि त्याची जीभ लाकडाची झाली. दातांवर टक् वाजली. मोठ्या कष्टाने तो बोलला ते एवढंच, "द्याल ते द्या." माणूस आनंदाने हसला, शाल अंगावर घातली, नारळ हातात दिला आणि चित्र काखेला मारून गेला. शाली अठ्ठावीस झाल्या.

सिदोजी वळला आणि गोजराच्या कपाळाकडे बघत राहिला.

"कुंकू लावलं नाहीस आज?"

"लावलंय," गोजरा म्हणाली.

दुपारी तिने सासूबाईंना गाठलं. "आत्याबाई, हे कशाने झालं?"

सासूबाई सुपात नाचणी पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "एका वाक्याने. तुझ्या मामंजींच्या आजोबांना तेव्हाच्या महाराजांनी याच माजघरात विचारलं, चिताऱ्या, मोल सांग. हे नम्र माणूस. म्हणाले, कसलं मोल महाराज, चार रेघोट्या त्या, द्याल ते द्या. आणि सूनबाई, वास्तू ऐकत असते. तिला एकच शब्द येतो."

"तथास्तु," गोजरा म्हणाली.

"तेव्हापासून या घरात कोणाला आपल्या कामाचं मोल तोंडाने सांगता येत नाही. विनामोल गेलेलं प्रत्येक चित्र एक रंग घेऊन जातं. रंग संपले की माणूस भिंतीवर."

"आणि तुम्ही?"

"मी शाली मोजते," सासूबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी राजाचा कारभारी आला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. मंडपामागचा दिवाणखाना चारही भिंतींनी रंगवायचा होता, हत्ती-घोडे, वऱ्हाड, वाजंत्री सगळं. "चार दिवसांनी येतो, नमुना तयार ठेवा," कारभारी म्हणाला. "मोलाचं काय बोलायचं. महाराजांचं काम म्हणजे घरचंच. छप्पन्न देशीचे राजे बघतील, नावलौकिक होईल. शिवाय या खेपेची शाल जरीची आहे."

तो गेला. सिदोजीकडे आता पिवळा एकच रंग उरला होता. माजघरात मामंजींनी शेजारच्या ओल्या चुन्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

गोजरा घागर घेऊन विहिरीवर गेली. विहिरीवर बाभूळ वाकली होती आणि तिला सुगरण पक्ष्यांची घरटी लटकत होती. पिवळ्या छातीचा एक सुगरण अर्धं घरटं विणून स्वस्थ बसला होता.

"पुरं का करत नाहीस?" गोजराने विचारलं.

"बाई, घागर भर आणि बघ," सुगरण म्हणाला.

एक मादी आली. तिने अर्ध्या घरट्याला चोच लावली, दोन काड्या ओढून पाहिल्या आणि उडून गेली.

"नाही म्हणाली," सुगरण म्हणाला. "माझं अर्धंच वाया गेलं. जी हो म्हणेल आणि आत येऊन बसेल तिच्यासाठी उरलेलं विणीन. तुझा नवरा मात्र आधी सगळं विणतो, मग विचारतो, आवडलं का."

"त्यांच्यावर शाप आहे."

"ठाऊक आहे. बोललेला शब्द पुसता येत नाही, त्यावर दुसरा शब्द ठेवावा लागतो. त्यासाठी कामं तीन. अर्ध्यावर थांबायचं. पुरतं तोलायचं. मग घराच्या आत मोल बोलून गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत. पहिलं मी शिकवलं. दुसरं डोंगरावरची तोलाई शिकवील."

"आणि तिसरं?"

"तिसरं तुझं तुला येतं," सुगरण म्हणाला, आणि पान चिरायला निघून गेला.

गोजरा घरी आली. सिदोजी कापडावर नमुन्याचा हत्ती काढायला बसला होता. सोंड झाली, कान झाले, पुढचे पाय झाले. पोटाच्या मध्यावर गोजराने कुंचला धरला.

"इथे थांबा."

"अगं, अर्धा हत्ती कोणी ठेवतं का?"

"सुगरण ठेवतो."

सिदोजीचा हात शिवशिवत राहिला. त्याने हात पाठीमागे बांधले. हत्तीने कान हलवले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "माझं शेपूट?"

"विसार आल्यावर," गोजरा म्हणाली.

पाचव्या दिवशी तिने हत्ती गुंडाळून काखेत घेतला आणि डोंगर चढली. वाटेत काखेतल्या हत्तीला दम लागला म्हणून ती दोनदा थांबली. माथ्यावर तोलाई मांत्रिकीण राहत होती. तिच्या तराजूत दव तोललं जाई, उसासे तोलले जात, आणि एकदा एका राजाचा शब्द तोलला होता, तो उडून गेला. तोलाईने हत्ती डाव्या पारड्यात ठेवला. पारडं जमिनीला टेकलं.

"हा नुसता नमुना. याच्यामागे चार भिंती आहेत," तोलाई म्हणाली. "आता याला काय लागेल ते उजवीकडे ठेव. हात पारड्यावर ठेवून नाव घेतलंस तरी पुरे."

"चुना. गेरू. निळीचा खडा. खारीच्या केसांचे कुंचले."

पारडं हललं नाही.

"चाळीस दिवस," गोजरा म्हणाली. पारडं जरासं झुकलं. बिघडणारे दोन नमुने तिने आठवून ठेवले. आणखी थोडं झुकलं. मग तिने अंगावरची शाल काढून ठेवली, तर पारडं वर गेलं.

"ती काढ," तोलाई म्हणाली. "पावसाळ्यात भिंती ओल्या असतात. तेव्हा काम असतं का?"

"नसतं. चार महिने."

"त्या चार महिन्यांत तुम्ही जेवता का?"

"जेवतो," ती म्हणाली.

"मग तेही ठेव. जो चितारी पावसाळा तोलत नाही तो उन्हाळ्यात भिंतीवर जातो."

गोजराने पावसाळा ठेवला, आणि काटा मधोमध उभा राहिला. तोलाईने एकेक जिन्नस उतरवून तिथे मोहरा मांडल्या. नव्वद झाल्या.

"ऐंशीत नाही भागणार?" गोजराने हळूच विचारलं.

"भागेल की. मग उरलेल्या दहा तो अंगातून देईल. आजवर तसाच देत आला." तोलाईने हत्ती गुंडाळून परत दिला. "आणि ऐक. विनामोल नेलेलं चित्र नेणाऱ्यालाही लाभत नाही. चाळीस दिवसांत कोरं होतं. पण हे तू सांगू नकोस. ज्याचं कोरं झालं तोच सांगेल."

गोजरा घरी आली. उंबरा ओलांडून "नव्वद" म्हणायला गेली, तर तिची जीभ टक् वाजली. ती या घराची सून होती. शाप तिलाही लागू होता. तिने कोळसा घेतला, तर कोळसा उमटेना. बोटं दाखवायला गेली, तर बोटं मिटली. दोन दिवस असेच गेले. हत्ती कोपऱ्यात उभा राहून उसासे टाकत होता, आणि ओला चुना आणखी ओला होत होता.

आठव्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघी हळदीकुंकवाला आल्या. एकीने गोजराला अडवलं. "नव्या नवरीने नाव घेतल्याशिवाय आम्ही उठणार नाही. घे, घे. लाजतेस काय."

गोजराने नाव घेतलं. शेजारणी हसत गेल्या. गोजरा मात्र करंडा हातात धरून तशीच उभी राहिली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिच्या जिभेवर सरळ येत नव्हतं. यायचं नव्हतंच, रीत तशी. उखाण्यात मात्र ते पाण्यासारखं वाहत आलं होतं.

ती सिदोजीकडे गेली. अंगणापलीकडे, वेशीच्या वडाखाली घेऊन गेली, आणि घराबाहेर त्याच्या कानात आकडा सांगितला. सिदोजीचा चेहरा उतरला.

"एवढं कोण देईल?"

"ते त्यांनी सांगायचं. तुम्ही आपलं सांगा. सरळ येणार नाही, तर उखाण्यात घ्या."

"पुरुष उखाणा घेतात?"

"लग्नात घेतला होता की. तोही चुकवलात."

सिदोजी हसला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुपारी कारभारी आला. मागे दोन शिपाई, पुढे जरीची शाल. माजघरात बसला आणि कापडाकडे बघून दचकला. "मागचा हत्ती कुठाय?"

"मीही तेच विचारतोय," हत्ती म्हणाला, आणि त्याने कान हलवले. वारा कारभाऱ्याच्या पागोट्याला लागला. कारभाऱ्याने आयुष्यात एवढा चांगला अर्धा हत्ती पाहिला नव्हता.

"सुंदर," तो म्हणाला. "उद्याच कामाला लागा. मोल काय, द्यायचं ते देऊच." त्याने शाल उचलली.

सिदोजीच्या ओठांवर जुनं वाक्य येऊ लागलं. तेव्हा दाराआडून गोजरा पुढे झाली, पदर नीट घेतला आणि म्हणाली,

"शिंपल्यात कालवली हळद, वाटीत भिजवला गेरू,
सिदोजींचं नाव घेते, कारभारी, घाई नका करू."

कारभाऱ्याचा शालीचा हात हवेतच राहिला. सून नाव घेत असताना कोण उठणार. सासूबाई सवयीने म्हणाल्या, "आता त्यांनी घ्यायला हवं." सिदोजीने डोळे मिटले, बायकोच्या हळदीचा पिवळा आठवला आणि म्हणाला,

"चाळीस दिवस, चार भिंती, कुंचल्याला खारीचे केस,
नव्वद मोहरा मोल माझं, अर्ध्या ठेवा, मग ओलांडा वेस."

भिंतीवरचे तिघे जागच्या जागी ताठ झाले.

"नव्वद," कारभारी म्हणाला. "फार होतात."

तो एवढं बोलून थांबला, हे आता कमी करतील म्हणून. सिदोजीची जीभ पुन्हा सुटली होती आणि तिच्यावर "बरं, मग" हे दोन शब्द तयार होते. त्याने गोजराकडे पाहिलं. गोजरा गप्प होती. सासरी आल्यापासून ती रोज अशी गप्प बसत होती, आणि कोणाला वाटलं नव्हतं की ही विद्या आहे. सिदोजीने ओठ मिटले.

कारभाऱ्याने वासे मोजले. पागोटं काढून पुन्हा ठेवलं. शाल डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. बाहेर एक कोंबडी उंबऱ्यापर्यंत आली, आत बघून परत गेली. हत्तीने कान हलवले. कोणी बोललं नाही.

"खरं सांगू का," शेवटी कारभारीच म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "राजवाड्याच्या खजिन्यात या घरच्या तीनशे चौकटी आहेत. सोन्याच्या. आणि तीनशेच्या तीनशे आत कोऱ्या. दर वेळी मी नवीन नेतो, दर वेळी चाळीस दिवसांत पुसलं जातं. लग्नात पाहुण्यांसमोर भिंती कोऱ्या झाल्या तर महाराज माझं काय करतील, ते मी तुम्हाला सांगत नाही." त्याने शाल घडी घालून बाजूला ठेवली आणि कमरेची थैली सोडली. "आजवर मोल देऊन कधी बघितलं नाही. अर्ध्या म्हणजे पंचेचाळीस ना?"

त्याने उंबऱ्याच्या आत पंचेचाळीस मोहरा मांडल्या.

तेव्हा आढ्यातून, वाशांतून, उंबऱ्यातून, पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या त्या वास्तूने तिला येत होता तो एकच शब्द उच्चारला.

"तथास्तु."

ओला चुना सुकला. मामंजी भिंतीवरून खाली उतरले, त्यांच्यामागून आजेसासरे, त्यांच्यामागून त्यांचे वडील. तिघांनी अंगावरची कोळशाची धूळ झटकली. सर्वांत म्हाताऱ्याने पहिला शब्द काढला तो असा, "चूक माझी झाली. भाकरी आहे का?" राजवाड्याच्या खजिन्यात तीनशे चौकटींत मोर, नद्या आणि लढाया परत आल्या, आणि तिथल्या पहारेकऱ्याला ठसका लागेपर्यंत पोपट डाळ मागू लागले.

सिदोजी गोजराकडे बघत होता, पदरापासून काठापर्यंत.

"तुझं लुगडं हिरवं आहे," तो म्हणाला.

"लग्नापासून," गोजरा म्हणाली.

मग हत्तीला शेपूट आलं. चाळीस दिवसांत चार भिंती झाल्या, उरलेल्या पंचेचाळीस मोहरा आल्या, राजकन्येचं लग्न लागलं आणि पाहुण्यांनी अक्षता नवरा-नवरीवर कमी नि हत्तीवर जास्त टाकल्या. पावसाळा आला तेव्हा त्या घरात सहा माणसं पोटभर जेवली.

राहिल्या शाली. सासूबाईंनी त्यांच्या गोधड्या शिवल्या, मऊ आणि उबदार. पहिलीच शेजारणीच्या मनात भरली. तिने विचारलं, "काय द्यायचं हो हिचं?" सासूबाई सवयीने म्हणू लागल्या, "अगं, तुझ्याकडून काय घ्यायचं, दे आपलं..."

वर आढ्यात कोणीतरी खाकरलं.

"दोन मोहरा," सासूबाई म्हणाल्या, आणि गप्प बसल्या.

जशी त्यांच्या घरची जीभ सुटली, तशी ज्याच्या हाताला कला आहे त्याची सुटो. घेणाऱ्याने मोल विचारावं, करणाऱ्याने ते सांगावं, आणि मधे जो क्षण शांततेचा येईल, तो दोघांनाही सोसवो.